हातातला लाइट मीटर: डिजिटल कॅमेऱ्याबरोबर अजून उपयोगाचा आहे का?

सॉफ्टबॉक्स६०

कॅमेरा फुल फ्रेम मिररलेस, लेन्स ८५ मिमी आणि १०० मिमी मॅक्रो. ४०० वॉट-सेकंदाचे दोन स्टुडिओ फ्लॅश, दोन्हींना टीटीएल (कॅमेऱ्याने लेन्समधून मोजून फ्लॅशची पॉवर आपोआप ठरवण्याची सोय) नाही, पॉवर हातानेच फिरवावी लागते. काम तीन प्रकारचं: हेडशॉट, पांढऱ्या बॅकग्राउंडवर वस्तूंचे फोटो, आणि जुनी चित्रं व कागदपत्रं यांच्या प्रती.

सध्याची पद्धत म्हणजे एक फ्रेम मारायची, मागच्या स्क्रीनवर हिस्टोग्राम (फ्रेममध्ये गडद ते उजळ भाग किती आहेत त्याचा आलेख) बघायचा, पॉवर कमी-जास्त करायची, पुन्हा फ्रेम. जमतं, पण मांडणी बदलली की सगळं पहिल्यापासून. शिवाय दोन वेगवेगळ्या दिवशी काढलेले हेडशॉट शेजारी ठेवले की चेहऱ्यावरचा उजेड सारखा दिसत नाही.

लाइट मीटरबद्दल, म्हणजे हातात धरून उजेड मोजायच्या यंत्राबद्दल, दोन टोकाची मतं वाचली. एक, हिस्टोग्राम आला तेव्हाच मीटर संपला. दुसरं, मीटर नसेल तर तुम्ही अंदाजपंचे काम करताय. मला नेमकं हवंय ते हे: या तीन कामांत मीटरने काय मिळेल जे हिस्टोग्रामने मिळत नाही? घेतलाच तर कुठला प्रकार? फोनमधलं अ‍ॅप चालेल का?

उजेडमाप

हिस्टोग्राम आणि हातातला मीटर एकच गोष्ट मोजतात असं धरून चाललं की हा वाद कधीच संपत नाही. कॅमेरा मोजतो वस्तूवरून परतून लेन्समध्ये आलेला प्रकाश. हिस्टोग्रामही तेच सांगतो, फक्त जास्त बारकाईने. हातातल्या मीटरचा पांढरा डोम वस्तूच्या जागी धरला की तो वस्तूवर पडणारा प्रकाश मोजतो. समोरचा माणूस काळ्या कोटात असो की पांढऱ्या शर्टात, बॅकग्राउंड काळं असो की पांढरं, डोमचा आकडा तोच राहतो. हिस्टोग्रामचा डोंगर मात्र कपडे बदलले की इकडचा तिकडे. तुमचे दोन दिवसांचे हेडशॉट जुळत नाहीत त्याचं पहिलं संशयित कारण हेच. हिस्टोग्राम दोन्ही दिवशी 'बरोबर' होता, पण एकदा गडद कपड्यांसाठी आणि एकदा फिकट कपड्यांसाठी.

दुसरी गोष्ट फ्लॅशची. टीटीएल नसलेला स्टुडिओ फ्लॅश कॅमेऱ्याच्या मीटरला दिसतच नाही, कारण तो पेटतो शटर उघडल्यावर आणि कॅमेऱ्याचं मोजणं त्याआधीच उरकलेलं असतं. मिररलेसचा लाइव्ह हिस्टोग्राम आणि झेब्रा (जास्त उजळ भागावर दिसणारे पट्टे) इथे उलट दिशाभूल करतात. शटर १/१२५ सेकंद, लेन्सचं छिद्र एफ/८, आयएसओ १०० वर खोलीच्या उजेडात व्ह्यूफाइंडर जवळजवळ काळा दिसतो, म्हणून सगळे एक्स्पोजर सिम्युलेशन (फोटो जेवढा उजळ येईल तेवढंच चित्र दाखवण्याची सोय) बंद करतात. ते बंद केलं की कॅमेरा चित्र आपल्या मनाने उजळून दाखवतो आणि त्या उजळलेल्या चित्राच्या हिस्टोग्रामला फ्लॅशच्या दृष्टीने काही अर्थ उरत नाही. म्हणजे फ्लॅशपुरता हिस्टोग्राम फक्त फ्रेम मारल्यानंतरचा.

आता हेडशॉटची पद्धत.

फ्लॅश मॅन्युअलवर. मीटर कॉर्डलेस फ्लॅश मोडमध्ये, आयएसओ १००, शटर १/१२५, आणि कॅमेऱ्यावरही शटर तोच. हे जुळलं नाही तर खोलीतला उजेड मीटर एक धरतो आणि कॅमेरा दुसराच. डोम बाहेर काढलेला. मीटर हनुवटीखाली, चेहऱ्याला जवळजवळ टेकवून, डोम लेन्सकडे. बटण दाबा, मीटर वाट बघत राहील. ट्रिगरने फ्लॅश मारा. आकडा आला, तो कॅमेऱ्यावर लावा. मीटर धरणाऱ्याचा हात किंवा अंग दिव्याच्या वाटेत येऊ देऊ नका. मोठ्या सॉफ्टबॉक्सची अर्धी कड खांद्याने झाकली तरी आकडा घसरतो आणि कारण सापडत नाही.

मुख्य दिवा आणि फिल (सावली उजळणारा दुसरा दिवा) यांचं गुणोत्तर काढायचं तेव्हा डोम आत ढकला म्हणजे मीटर सपाट चकतीसारखा वागतो. फिल बंद करा, मीटर चेहऱ्याच्या जागी पण तोंड मुख्य दिव्याकडे, आकडा घ्या. मग मुख्य दिवा बंद, फिल चालू, तोंड फिलकडे. एफ/८ आणि एफ/४ आले तर दोन स्टॉप (दर स्टॉपला उजेड दुप्पट किंवा निम्मा), म्हणजे ४:१. एक स्टॉप म्हणजे २:१. दीड स्टॉप साधारण ३:१, आणि चेहऱ्यासाठी बऱ्याचदा तोच सुखाचा. शेवटी दोन्ही दिवे चालू, डोम बाहेर, लेन्सकडे तोंड, आणि कॅमेऱ्यावर लावायचं अ‍ॅपर्चर या तिसऱ्या मापाचं. बरेच जण इथे मुख्य दिव्याचाच आकडा लावतात. फिल कॅमेऱ्याच्या बाजूने येत असेल तर तो उजळ बाजूवरही पडतो, त्यामुळे चेहरा थोडा जास्त उघडतो.

डोम लेन्सकडे धरायचा की मुख्य दिव्याकडे, यावर लोक हातघाईवर येतात. लेन्सकडे धरला की डोमचा काही भाग सावलीत जातो आणि मीटर थोडं जास्त एक्स्पोजर सुचवतो. सावलीची बाजू सांभाळली जाते. दिव्याकडे धरला की उजळ बाजू सांभाळली जाते. डिजिटलमध्ये जळालेला हायलाइट परत येत नाही, म्हणून दिवा खूप बाजूला असेल, साठ-सत्तर अंशांपलीकडे, तर मी दिव्याकडचा आकडा धरीन. समोरून किंवा पंचेचाळीस अंशांवरून येणाऱ्या उजेडात फरक इतका कमी की वाद घालायचं कारण नाही. मागून केसांवर दिवा असेल तर तो डोमवर पडू न देता हाताने आडोसा करून मोजा, नाहीतर मीटर त्याचाही उजेड चेहऱ्याच्या खात्यात टाकतो.

पांढऱ्या बॅकग्राउंडसाठी मीटर सगळ्यात जास्त वेळ वाचवतो. वस्तूवर एफ/८ असेल तर बॅकग्राउंडवर एफ/८ आणि अर्धा स्टॉप ते एफ/११ एवढंच हवं. डोम आत, मीटर बॅकग्राउंडला पाठ टेकवून, डावीकडे, मध्ये, उजवीकडे, वर आणि खाली. मॅट पांढरा कागद मध्यम करड्यापेक्षा मुळातच सव्वादोन स्टॉप वर असतो, त्यामुळे तो पूर्ण पांढरा व्हायला थोडाच धक्का लागतो. तिथे एफ/१६ आला की बॅकग्राउंड स्वतःच दिवा होऊन बसतं. वस्तूच्या कडा खाल्ल्या जातात, काचेची बाटली धुकट दिसते, केसांच्या बटा नाहीशा होतात. स्क्रीनवर मात्र 'छान पांढरं' दिसतं, कारण २५५ च्या, म्हणजे पूर्ण पांढऱ्याच्या, पुढे किती गेलंय हे हिस्टोग्राम सांगूच शकत नाही. उजव्या भिंतीला टेकल्यावर अर्धा स्टॉप जास्त की दोन स्टॉप, त्याला दोन्ही सारखेच.

आणि अंतर. दिवा चेहऱ्यापासून १ मीटरवर असताना माणूस २० सेंटिमीटर दिव्याकडे सरकला तर जवळजवळ दोन तृतीयांश स्टॉपने उजळतो, नेमकं सांगायचं तर ०.६४. दिवा २ मीटरवर असेल तर तेवढ्याच हालचालीने ०.३. मीटरने एकदा मोजून खुर्चीच्या पायाशी जमिनीवर टेप लावा, आणि पॉवर, दिव्याचं अंतर, आकडा लिहून ठेवा. पुढच्या वेळी त्याच जागी तोच आकडा आला की हेडशॉट जुळतात.

थेट_केबल

वरचं सगळं खरं, तरी मी मीटर घेऊ नका म्हणेन. निदान आत्ता तरी. दोन दिवे, एक खोली, कॅमेरा केबलने लॅपटॉपला जोडलेला, एवढं असेल तर याहून स्वस्तात तेच काम होतं.

पांढरा, करडा आणि काळा असे तीन पट्टे असलेलं कार्ड घ्या. मॉडेलच्या चेहऱ्याशेजारी, मुख्य दिव्याकडे थोडं वळवून धरायला लावा. चकाकी येणार नाही एवढाच कोन. फ्रेम मारा. लॅपटॉपवर कर्सर पांढऱ्या पट्ट्यावर न्या आणि आकडा वाचा. तो २३५ ते २४० ला बसला की एक्स्पोजर झालं. कपडे काळे की पांढरे याचा इथेही संबंध येत नाही, कारण बघताय फक्त कार्डाकडे. उजेडमाप यांचा मुख्य आक्षेप पूर्ण हिस्टोग्रामला लागू आहे, कार्डाला नाही.

गुणोत्तरही निघतं. मुख्य दिवा एकटा, पांढरा पट्टा २३५ ला आणा, समजा एफ/८ वर. मग फिल एकटा, आणि पट्टा पुन्हा २३५ ला येईपर्यंत अ‍ॅपर्चर उघडत जा. एफ/४ लागला तर दोन स्टॉप. चार-पाच फ्रेम जातात, फिल्म तर जळत नाही.

प्रतींच्या कामात तर मीटर कमीच पडतो. चित्राच्या जागी मोठा पांढरा मॅट कागद लावा, थोडा अंडर एक्स्पोज करा म्हणजे तो २०० च्या आसपास येईल, आणि चार कोपरे व मध्य यांचे आकडे वाचा. त्या भागात ०.१ स्टॉप म्हणजे साधारण ६ अंकांचा फरक. कोपरा मध्यापेक्षा १२ ने कमी असेल तर ०.२ स्टॉप. मीटर फक्त दिव्यांचा असमतोल दाखवेल, लेन्सच्या कोपऱ्यातली काळोखी त्याला दिसणार नाही. कागदाच्या फोटोत दोन्ही एकदम येतात, आणि तोच फोटो नंतर फ्लॅट फील्ड दुरुस्तीसाठी (असमान उजेड सॉफ्टवेअरने सारखा करायला) वापरता येतो. दिवे दोन्ही बाजूंनी ४५ अंशांवर, कॅमेऱ्याइतक्याच उंचीवर, अ‍ॅपर्चर एफ/८.

हिस्टोग्रामबद्दल एकच सावधगिरी. तो रॉ फाइलचा (सेन्सरच्या कच्च्या नोंदीचा) नसतो, कॅमेऱ्याने बनवलेल्या जेपेगचा असतो. पिक्चर स्टाइल 'व्हिव्हिड' असेल तर लाल चॅनल कधीच उजवीकडे आदळलेला दिसतो आणि रॉमध्ये मात्र अजून जागा असते. स्टाइल न्यूट्रल किंवा फ्लॅट, कॉन्ट्रास्ट कमी, आणि एकत्र हिस्टोग्रामऐवजी लाल-हिरवा-निळा असे तीन वेगळे दाखवा. त्वचेत पहिला जळतो तो लाल चॅनल, आणि एकत्र आलेखात ते लपतं.

उजेडमाप

प्रतींच्या बाबतीत शंभर टक्के मान्य, कागदाची पद्धत मीटरपेक्षा चांगली. पण दिवे लावत असताना, कॅमेरा अजून चढवलेलाच नसताना, कोपऱ्याकोपऱ्यावर मीटर फिरवत दिवा सरकवणं फार पटकन होतं. शेवटची खात्री कागदाने करावी.

कार्डाबद्दल एक अडचण आहे. कार्डाचा कोन. तेच कार्ड दहा-पंधरा अंश फिरवलं की आकडा हलतो, आणि मॉडेलच्या हातात ते फिरतंच. डोम गोल असल्यामुळे त्याला कोनाचा एवढा फरक पडत नाही. बाकी तुमची पद्धत चालते. तीन-चार दिवे झाले की मात्र प्रत्येक दिव्यासाठी चार फ्रेम परवडत नाहीत.

तिपाई

मीटर घेतलाच तर पहिल्या दिवशी करायचं काम कुणीच सांगितलेलं नाही. मीटर आणि कॅमेरा जुळवून घेणं. हे न करता वापरला की 'मीटर चुकीचा आहे' म्हणून तो कपाटात जातो.

दोघांत फरक येण्याची कारणं तीन. पहिलं, आयएसओ. आयएसओ १२२३२ या मानकात उत्पादकाला आकडा ठरवण्याचे एकाहून जास्त मार्ग दिले आहेत, त्यामुळे दोन कंपन्यांचं 'आयएसओ १००' एकसारखं असेलच असं नाही. एक तृतीयांश ते दोन तृतीयांश स्टॉपचा फरक सहज येतो. दुसरं, मीटरचा स्वतःचा स्थिरांक. परावर्तित मापासाठी सेकॉनिक कंपनीच्या मीटरमध्ये तो १२.५, मिनोल्टा आणि केंको यांच्या मीटरमध्ये १४. तिसरं, लेन्स. एफ आकडा हा भूमितीचा आकडा आहे, काचांमध्ये जिरलेला प्रकाश त्यात धरलेला नसतो. १५-२० काचांच्या झूममध्ये तो जिरलेला प्रकाश जाणवतो. सिनेमाच्या लेन्सवर म्हणूनच टी आकडा, म्हणजे जिरलेला प्रकाश धरून काढलेला आकडा, छापतात.

जुळवणी अशी करा. तिपाईवर कॅमेरा, लेन्स एफ/८ वर म्हणजे कोपऱ्यांची काळोखी निघून जाते. समोर सपाट करडं कार्ड, फ्रेमचा मधला भाग भरेल एवढं. त्यावर एकच स्थिर दिवा, ४५ अंशांवर. खिडकीचा उजेड नको, ढग सरकले की माप गेलं. कार्डाला चिकटवून डोम आत ढकलून मीटरचं माप घ्या, तोंड लेन्सकडे. त्या मापावर एक फ्रेम, मग १/३ स्टॉपच्या पायऱ्यांनी एक स्टॉप वरपर्यंत आणि एक स्टॉप खालपर्यंत. सात फ्रेम होतात. रॉ फाइल नेहमीच्याच सॉफ्टवेअरमध्ये, नेहमीच्याच प्रोफाइलने, बाकी सगळे स्लायडर शून्यावर ठेवून उघडा. १८ टक्के करडा एसआरजीबीमध्ये (फोटोंच्या नेहमीच्या रंगपद्धतीत) ११८ च्या आसपास यायला हवा. ज्या फ्रेममध्ये तो येतो तेवढी भरपाई मीटरमध्ये भरा, ०.३ असो की ०.७. बहुतेक मीटरमध्ये त्याची सोय असते. नसेल तर मीटरचा आयएसओच तेवढा बदलून ठेवा: कॅमेरा १०० वर आणि मीटर ८० किंवा १२५ वर.

सॉफ्टवेअरचं प्रोफाइल स्वतःचा कर्व्ह लावतं, म्हणून ११८ हा काही देवाचा शब्द नाही. महत्त्वाचं हे की तुमच्या कॅमेऱ्याचा, तुमच्या प्रोफाइलचा आणि तुमच्या मीटरचा हिशेब एकमेकांशी जुळला पाहिजे. प्रोफाइल बदललं की पुन्हा करायचं. फ्लॅशसाठीही एकदा वेगळी खात्री करून घ्या.

रॉमध्ये वर किती जागा आहे तेही याच बैठकीत कळतं. त्याच कार्डावर एक्स्पोजर वाढवत न्या आणि रॉ चॅनल कुठे जळतो ते बघा. मोजलेल्या मध्यम करड्यापासून साधारण तीन स्टॉपवर बऱ्याच कॅमेऱ्यांची छत येते. स्वतःच्या कॅमेऱ्याचा आकडा माहीत असला की पांढऱ्या वस्तूला किती वर न्यायचं याचा अंदाज लावत बसावं लागत नाही.

मॅक्रो लेन्स आहे म्हणून आणखी एक. वस्तूचे जवळून फोटो काढताना मीटरला लेन्सचं लांबणं कळत नाही. १:१ ला, म्हणजे सेन्सरवर वस्तू खऱ्या आकाराएवढी आली की, दोन स्टॉप प्रकाश कमी होतो, १:२ ला सव्वाच्या जरा आत. सूत्र सोपं: एफ आकड्याला एक अधिक मोठेपणा (१:१ ला १, १:२ ला ०.५) याने गुणा. एफ/८ वर १:१ म्हणजे प्रत्यक्षात एफ/१६. काही कॅमेरे मॅक्रो लेन्सवर हा बदललेला आकडा स्वतःच दाखवतात. तसं असेल तर वरून पुन्हा भरपाई करू नका, दोनदा होईल. पोलरायझर किंवा एनडी (उजेड कमी करणारा) फिल्टर लावला असेल तर तोही मीटरच्या हिशेबात नाही. पोलरायझर दीड-दोन स्टॉप खातो.

सॉफ्टबॉक्स६०

धन्यवाद, डोकं बरंच साफ झालं. दोन बारीक शंका. सेकॉनिकच्या चित्रांत स्क्रीनवर ५.६ आणि शेजारी छोटा ७ दिसतो, तो काय? आणि स्पीडलाइटही असेल, टीटीएल असलेला, तर मीटर चालतो का? फोनच्या अ‍ॅपचं राहिलंच.

उजेडमाप

छोटा आकडा स्टॉपचे दशांश. ५.६ आणि ७ म्हणजे एफ/५.६७ नव्हे; एफ/५.६ पेक्षा ०.७ स्टॉप बंद, कॅमेऱ्यावर एफ/७.१. छोटा ३ असेल तर एफ/६.३. मीटर दशांशात वाचतो आणि कॅमेरा तृतीयांशात फिरतो, म्हणून जवळच्या पायरीला लावा आणि उरलेला दशांश सोडून द्या. तुलना करताना मात्र दशांश कामाला येतात. बॅकग्राउंडची डावी बाजू ११ वर २ आणि उजवी ११ वर ५ हे वाचताक्षणी कळतं की कुठला दिवा ढकलायचा.

टीटीएलवर मीटर फसतो. टीटीएल फ्लॅश मुख्य झोताच्या आधी एक छोटा प्रीफ्लॅश टाकतो, कॉर्डलेस मोडमधला मीटर तोच पकडतो आणि भलताच लहान आकडा देतो. स्पीडलाइट मॅन्युअलवर, १/४ किंवा १/८ पॉवरला ठेवा. हायस्पीड सिंकमध्येही (फार जलद शटरवर फ्लॅश वापरताना) साधे मीटर गडबडतात, कारण तिथे एक झोत नसून झपाझप झोतांची रांग असते. सेकॉनिक एल-८५८डी ते मोजतो, फ्लॅशचा कालावधीही मोजतो आणि त्यात दुरून छोट्याच भागाचा उजेड मोजणारा १ अंशाचा स्पॉट मीटरही आहे. तुमच्या कामाला तो गरजेपेक्षा बराच मोठा. एल-३०८एक्सच्या वर्गातला मीटर पुरतो. पडणारा प्रकाश, परावर्तित प्रकाश, फ्लॅश, तिन्ही मोजतो, आणि एका एए सेलवर चालतो. फक्त डोम आत ढकलला जात नाही, सपाट मापासाठी चकती लावावी लागते.

जुना एल-३९८ए किंवा तसा सुईचा मीटर दिसायला देखणा, बॅटरीही लागत नाही, पण फ्लॅश मोजत नाही. तुमच्यासाठी बाद.

थेट_केबल

फोनचं मी सांगतो. अ‍ॅप दोन जातीची. एक कॅमेऱ्याने मोजणारी, म्हणजे पुन्हा परावर्तितच. जी गोष्ट तुमचा कॅमेरा जास्त चांगली करतो. दुसरी, अँड्रॉइडवर, फोनच्या पुढच्या बाजूचा उजेडाचा सेन्सर वाचून लक्स सांगणारी. ही निदान पडणारा प्रकाश मोजतात. पण सेन्सरवर डोम नाही, तो सपाट काचेच्या आत बसलेला, म्हणून तिरक्या येणाऱ्या उजेडाला कमी धरतो. मुख्य दिवा ६० अंशांवर असेल तर आकडा विश्वासाचा नाही. तिपाई यांच्या पद्धतीने जुळवून घेतलं तर स्थिर एलईडीसाठी कामचलाऊ. फ्लॅश मात्र दोन्हींपैकी कुणालाच पकडता येत नाही. सेकंदाच्या हजाराव्या हिस्स्यात सगळं आटपतं आणि तो सेन्सर तेवढ्या वेगाने वाचतच नाही. हॉटशूवर बसणारे छोटे मीटरही बहुतेक परावर्तित आणि फ्लॅशविना असतात. ते फिल्मच्या जुन्या कॅमेऱ्यांसाठी.

पडदा_मागे

व्हिडिओच्या बाजूने भर. इथे मीटर अजून रोजचा आहे, कारण शटर आणि आयएसओ दोन्ही जागेवर खिळलेले असतात. २५ फ्रेमला १८० अंशांचा शटर म्हणजे १/५०, आयएसओ समजा ८००. हलतं ते अ‍ॅपर्चर आणि दिवे. दिग्दर्शकाला टी/२.८ ची फोकसची खोली हवी असेल तर प्रश्न उलटा होतो: किती उजेड लावू? आयएसओ ८००, १/५०, २.८ ला हिशेबाने १२५ लक्सच्या आसपास लागतात, डोमचा स्थिरांक जास्त धरणाऱ्या मीटरवर १७० पर्यंत. कॅमेरा डब्यात असतानाच दिवे लावून होतात. कॅमेऱ्यावर वेव्हफॉर्म आणि फॉल्स कलर (एक्स्पोजर आलेखाने आणि रंगांनी दाखवण्याच्या सोयी) असले की शेवटची पारख त्यांचीच, पण माणूस खोलीत चालत जाणार असेल तर त्याच्या वाटेवर चार ठिकाणी मीटर धरून बघणं फॉल्स कलरने होत नाही. त्यासाठी तिथे कुणीतरी उभं करावं लागतं.

मीटर जिथे कुचकामी ठरतो तेही सांगून टाकतो. जी वस्तू स्वतःच उजेड टाकते तिला डोम काय सांगणार? टीव्हीचा पडदा, निऑन, मेणबत्तीची ज्योत, सूर्यास्त. तिथे स्पॉट मीटर किंवा हिस्टोग्राम. चकचकीत धातू आणि काच यांचंही तसंच. त्यांच्यावर किती उजेड पडतो यापेक्षा त्यांच्यात काय प्रतिबिंब दिसतं हे महत्त्वाचं, म्हणून बाटली-भांड्यांच्या फोटोत मीटरचा आकडा फक्त सुरुवातीचा. आणि जिथे वस्तूजवळ जाताच येत नाही, पक्षी, मैदानावरचा खेळ, दूरचा रंगमंच, तिथे मीटर खिशातच राहतो. भर उन्हात दूरचा डोंगर चालतो, कारण ऊन तुमच्यावर आणि डोंगरावर तेच. वर ढगाची सावली फिरत असेल तर तेही नाही.

तिपाई

वापरलेला मीटर घेणार असाल तर आतल्या उजेड मोजणाऱ्या सेलचा प्रकार विचारा. सेलेनियमचे जुने सेल मरत जातात. उन्हात सुई हलते पण खोलीत पडून राहते, आणि त्यावर इलाज नाही. सीडीएसचे (कॅडमियम सल्फाइड सेलचे) मीटर मंद असतात. उन्हात धरून लगेच सावलीत नेलं तर काही वेळ जुनीच आठवण सांगतात. त्यांतले बरेच १.३५ व्होल्टच्या पारा-बॅटरीसाठी बनलेले, १.५ व्होल्टची बॅटरी टाकली की आकडे सरकतात, आणि सगळ्या पट्टीवर सारखेही सरकत नाहीत. सिलिकॉन फोटोडायोडचा घ्या. डोम पिवळा पडलेला किंवा ओरखडलेला नको, बॅटरीच्या कप्प्यात हिरवट गंज नको. घेताना निरभ्र दुपारी डोम उन्हाकडे धरा. आयएसओ १०० ला १/१००, एफ/१६ च्या आसपास यायला हवं. अर्धा स्टॉप इकडेतिकडे असेल तर भरपाईने भागतं, दीड स्टॉप असेल तर परत द्या.

सॉफ्टबॉक्स६०

मग एल-३०८एक्सच्या वर्गातला एखादा बघतो. प्रती कागदाच्या पद्धतीने, हेडशॉट आणि बॅकग्राउंड मीटरने. कॉर्डलेस मोडमध्ये कधीकधी फ्लॅश मारला तरी मीटर काहीच दाखवत नाही असं वाचलं, ते का होतं?

उजेडमाप

बहुतेक वेळा दोन कारणं. एक, फ्लॅश मंद आणि आजूबाजूचा उजेड तेजीत. मीटर अचानक चढलेला उजेड ओळखतो, आणि चढ पुरेसा उंच नसेल तर तो फ्लॅश मानतच नाही. १/३२ पॉवर, मोठा सॉफ्टबॉक्स, शेजारी उघडी खिडकी, हे तिन्ही एकत्र आले की असं होतं. पडदा लावा किंवा दिवा जवळ आणा. दोन, वाट बघण्याची मुदत संपलेली असते. ट्रिगर मारायला उशीर झाला तर बटण पुन्हा दाबावं लागतं. याच्या उलटही घडतं. खोलीतली ट्यूब झटका देऊन पेटली की मीटर तीच फ्लॅश म्हणून मोजून मोकळा होतो. तेव्हा कॉर्ड मोड वापरा: मीटर आणि फ्लॅश सिंक वायरने जोडा, बटण दाबलं की मीटरच फ्लॅश पेटवतो आणि दुसरं काही मध्ये येत नाही. वायर मीटरबरोबर सहसा मिळत नाही, वेगळी घ्या. ३ ते ५ मीटरची पुरते.

मॉडेलिंग लॅम्पही बंद करून एकदा मोजा. एफ/८ ला तो जाणवत नाही, पण एफ/२.८ वर हेडशॉट काढायला लागाल तेव्हा हॅलोजन लॅम्पचा पिवळेपणा चेहऱ्याच्या सावलीच्या बाजूला दिसू लागतो.